साडेआठचा पाऊस

“आज दहाला मोजा,” बायको म्हणाली.

साडेआठने मनगटावरचे घड्याळ कानाशी धरले. बोलली बायको होती, पण संशय त्याला घड्याळाचा आला असावा.

“दहाला?”

“नाहीतर साडेनऊला. जरा साठू दे की! काल संध्याकाळपासून कोसळतोय, अजून कोसळतोय, आणि तुम्ही मधेच उठून त्याचे दोन तुकडे करणार.”

“तुकडे मी करत नाही. साडेआठ वाजतात.”

“वाजू देत. त्यांना काय, रोजच वाजायचंय.”

तो शाळेचा शिपाई. शाळा डोंगरात, आणि शाळेच्या अंगणात कुंपण घातलेल्या चार हात जागेत सरकारी पर्जन्यमापक. वर नरसाळे, खाली बाटली आणि शाळेच्या कपाटात काचेचे मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी मोजायचे, वहीत लिहायचे, खाली किनाऱ्यावरच्या हवामान कचेरीला फोन करायचा आणि पाणी ओतून टाकायचे. म्हणजे पुढच्या दिवसाचा पाऊस शून्यापासून सुरू. एक सकाळ सोडली तर सव्वीस वर्षे त्याने यात एका मिनिटाचा फरक पडू दिला नव्हता. किराणावाला त्याला कुंपणाचे दार उघडताना पाहून दुकान उघडी. मुख्याध्यापकांना त्याला पाहून आपल्याला उशीर झाल्याचे कळे. त्याचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच सुखाने राहत होते. बाकी सगळ्यांना तो साडेआठ.

या नेकीची जमेची बाजू तपासली तर सव्वीस वर्षांत दोन छत्र्या निघतात, आणि एक प्रशस्तिपत्र, ज्यावर दुसऱ्याच गावाचे नाव छापले होते. खर्चाच्या बाजूला लांबचे प्रवास, पाहुण्यांकडचे मुक्काम, सख्ख्या भावाचे लग्न. आणि एक तांबडी रेघ. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला चाळीस मिनिटे उशीर झाला होता. बायको आत अडली होती. तपासनीस आला, वही उलटली आणि म्हणाला, “पाऊस काय तुमच्या बाळंतिणीला विचारून पडतो?” त्या सकाळी झालेल्या लेकीला तो लाडाने चाळीस मिनिटं म्हणे. लोकांना ती थट्टा वाटे. थट्टा अर्धीच होती.

आता ती चाळीस मिनिटे खालच्या वस्तीत नांदत होती. शाळेपासून दोन वळणे खाली, पाठीशी डोंगराचा उभा कडा, पुढ्यात ओढा, मधे अकरा घरे. जावई खाली बंदरावर कामाला. घरात ती, तिची दीड वर्षांची छोटी आणि सासू. वस्तीसमोरच्या खडकावर खांब, खांबावर भोंगा. डोंगरात एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की कचेरीतून बटण दाबायचे, भोंगा वाजायचा आणि वस्तीने उठून शाळेत यायचे, असा नियम. दिवस कोणता? साडेआठ ते साडेआठ.

आठ वीसला प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन वाजला.

“काय गं चाळीस मिनिटं?”

“बाबा, मागच्या भिंतीतून पाणी येतंय. पाणी पण नाही, लाल चिखल येतोय. मी म्हणते शाळेत येऊ. सासूबाई ऐकत नाहीत.”

“दे त्यांना.”

विहीणबाईंना फोनमध्ये ओरडून बोलायची सवय होती; फोन नसता तरी ऐकू आले असते. “व्याही! मागच्या वर्षी भोंगा झाला, आम्ही तुमच्या शाळेत बाकांवर तीन दिवस पाठ मोडून घेतली. डोंगर जागचा हलला नाही, घरातली पितळेची भांडी तेवढी चालती झाली. आता भोंग्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही!”

“बरोबर आहे तुमचं. मोजतो आणि कळवतो.”

“तुमचा आकडा आला की मी तयार. तुमच्या आकड्यावर माझा भरवसा आहे हो, सुनेच्या घाबरण्यावर नाही.”

त्याला बरे वाटले. हे लिहायला वाईट वाटते, पण वाटले.

ठीक साडेआठला तो कुंपणात शिरला. बायको मागून छत्री घेऊन आली. त्याच्यावर नव्हे, मोजपात्रावर धरली. ओल्या कपड्यांचा हिशेब नंतर होतो, मोजपात्रात वरचा थेंब पडला तर होत नाही, हे सव्वीस वर्षांत तीही शिकली होती. एका पात्रात वीस मिलिमीटर मावतात. त्याने बाटली काढून रिकामी दुसरी ठेवली आणि ओतायला सुरुवात केली. एक. ओतून दिले. दोन. तीन. बायको ओठांत मोजत होती. सात. आठ. नववे पात्र काठोकाठ भरले तेव्हा तिने छत्री आणखी खाली आणली. दहावे भरले की दोनशे.

दहावे पात्र आठावर थांबले. त्याने बाटली उलटी धरून झटकली. आणखी दोन थेंब आले. रेघ हलली नाही.

“एकशे अठ्ठ्याऐंशी,” तो म्हणाला.

“बारा कमी.”

“बारा कमी. आणि दोनशेच्या वर लागतात, म्हणजे तेरा.”

“हे बघा, नरसाळ्याकडे बघा. किती वेळ लागणार आहे तेराला? तुम्ही बोलताय तेवढ्यात दोन पडले असतील. लिहा दोनशे एक.”

“ते आता पडलेले उद्याचे.”

“लेक आजची आहे!”

त्याने वही उघडली. खोटे लिहिणे त्याला जमलेच नसते असे नाही. शाळेच्या हजेरीत मुख्याध्यापकांसाठी त्याने पुष्कळ लिहिले होते. पण ही वही त्याची होती. “एक आकडा खोटा लिहिला की मागची सव्वीस वर्षं खोटी,” तो म्हणाला आणि १८८ लिहिले. शेऱ्याचा रकाना नेहमीसारखा कोरा सोडला.

“तुमची वही काही बाळंत होणार नाही,” बायको म्हणाली आणि छत्री मिटून आत गेली.

कचेरीत फोनवर एक बाई असत. अकरा वर्षे रोजचे बोलणे. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. “बोला साडेआठ,” त्या म्हणाल्या. मागे कल्लोळ होता.

“एकशे अठ्ठ्याऐंशी. बाई, वस्तीत भिंतीतून चिखल येतोय.”

“एक आठ आठ. लिहिलं. इथे लाटा धक्क्यावर चढल्यात, दोन होड्या रस्त्यात येऊन पडल्यात, वारा छप्परं घेऊन चाललाय. तुमचं दोनशेच्या आत आहे ना? मग आज तुम्ही सुखी.”

“भोंगा?”

“आकडा नाही तर भोंगा कसा देऊ? साहेब मलाच वाजवतील.”

त्याने लेकीला फोन लावला.

“एकशे अठ्ठ्याऐंशी.”

“म्हणजे नाही?”

“नाही. दार लावून बस, छोटीला पुढच्या खोलीत घे.”

“तुम्ही सासूबाईंना नुसतं ‘या’ म्हणा ना बाबा. आकडा राहू दे. तुम्ही म्हणालात तर येतील.”

तो एकच शब्द होता आणि त्याला सरकारी परवानगी लागत नव्हती. साडेआठने क्षणभर विचारही केला. पण आकडा एक सांगायचा आणि तोंडाने दुसरे बोलायचे, तर मग मोजायचे कशाला?

“नियमात बसत नाही गं,” तो म्हणाला.

पलीकडे विहीणबाई हसल्याचे ऐकू आले. “सांगितलं नव्हतं? तुझ्या बापाला विचारलंस ना? झालं समाधान?”

शाळेला सुट्टी होती. बायको रिकाम्या वर्गात बाकावर बसून राहिली. तो व्हरांड्यात. पावसाचा आवाज पडल्यासारखा नव्हता, ओढल्यासारखा होता. दहाला तो कुंपणापर्यंत जाऊन परत आला. अवेळी बाटली उघडायची नाही, हाही नियम. सव्वाअकराला पुन्हा गेला. अकरा चाळीसला त्याने नरसाळे उचलले.

मोजायला पात्र लागलेच नाही. सव्वीस वर्षांच्या डोळ्यांना बाटलीच पुरे. दीडशेच्या पुढे, तीन तासांत.

कचेरीचा फोन चौथ्या खेपेला लागला.

“बाई, सकाळचे आणि आत्ताचे मिळून साडेतीनशेला टेकलं.”

“मिळून?” बाई गोंधळल्या. “तक्त्यात मिळून असा रकाना नाही हो.”

“रकाना नाही, माणसं आहेत. माझी मुलगी आहे.”

सव्वीस वर्षांत त्याने फोनवर स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. बाईंचा आवाज बदलला. “थांबा. ठेवू नका. साहेबांना विचारून येते.”

तो फोन कानाशी धरून उभा राहिला. पलीकडे खुर्ची सरकली, पावले लांब गेली, कुणीतरी होड्यांबद्दल ओरडत राहिले. लेकीला फोन करायचा तर हा ठेवावा लागला असता, आणि बाई ठेवू नका म्हणाल्या होत्या. वर्गाच्या दारात बायको येऊन उभी राहिली. पायांखालची फरशी थरथरली. आधी थरथर, मग आवाज. मेघगर्जनेसारखा नाही, कुणीतरी जड, फार मोठे कपाट ओढत नेल्यासारखा. मग तोही थांबला आणि नुसता पाऊस उरला.

“साडेआठ, आहात ना?” बाई परत आल्या होत्या, धापा टाकत. “साहेब म्हणतात, आत्ताचं आत्ता नको. सगळं उद्या साडेआठला एकदम कळवा.”

तो “बरं” म्हणाला. सवय होती.

अकरा घरांपैकी दोन उरली. विहीणबाई वाचल्या, उडणाऱ्या पत्र्यावर दगड ठेवायला त्या पुढच्या अंगणात गेल्या होत्या, चिखलाने त्यांना ओढ्यापलीकडे नेऊन टाकले. संध्याकाळी त्यांना शाळेत आणून निजवले तेव्हा त्यांनी साडेआठचा हात धरला. राग नव्हता, तेच वाईट. “व्याही, आम्ही बसलो होतो हो,” त्या म्हणाल्या. “तुमचा आकडा दोनशेच्या आत होता, म्हणून निवांत बसलो होतो.”



तो वस्तीत उकरत होता. दिवस मावळेपर्यंत आणि उजाडल्यापासून. जावई खालून निघाला होता, पण वाटेत तीन ठिकाणी रस्ता तुटलेला. उकरणारे मधूनमधून हात वर करत, मग सगळे गप्प होऊन चिखलाला कान लावत. एकदा सगळ्यांना काहीतरी ऐकू आले. बारीक. नंतर कुणी म्हणाले पाणी असेल, कुणी म्हणाले नाही. तिथेच उकरायचे ठरले.

आठला साडेआठने फावडे दुसऱ्याच्या हातात दिले. कुणी विचारले, “कुठे निघालात?” कुणी त्याला कोपराने गप्प केले. तो दोन वळणे चढून शाळेत आला. हात धुतले, कारण पात्राला चिखल लागता कामा नये. साडेआठला कुंपणाचे दार उघडले. खाली किराणावाला दुकानाच्या फळीवर बसून होता. त्याने उठून दुकान उघडले आणि मग काय केले हे लक्षात येऊन पुन्हा लावून घेतले.

दहा पात्रे भरली. अकराव्यात चौदा.

“दोनशे चौदा,” त्याने फोनवर सांगितले.

बाईंना वस्तीचे कळले होते. “साडेआठ... दोनशेच्या वर आहे.”

“हो.”

“साहेब समोरच आहेत. म्हणतात नियम आहे.”

“तिथे कान लावून ऐकतायत बाई. आवाज नको. काहीतरी ऐकू आलंय.”

“मी सांगते. सांगते मी.” त्यांनी फोनवर हात ठेवला. हाताआडून दोन आवाज आले, एक चढलेला आणि एक त्याहून चढलेला. मग हात निघाला. “आकडा वहीत गेलाय म्हणतात,” बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

समोरच्या खडकावरचा खांब जागेवर होता. भोंगा वाजला. चांगला दणदणीत, नवीन बॅटरीचा, नियमाप्रमाणे दहा मिनिटे. खाली चिखलात वीस-पंचवीस माणसे हात वर धरून उभी राहिली, आणि मग एकेकाचा हात खाली आला.

शाळेतल्या बाकावर विहीणबाई दचकून उठून बसल्या. डोळे नीट उघडले नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि पायाने चपला चाचपल्या.

“सूनबाई,” त्या नेहमीसारख्या ओरडल्या, “छोटीला घे गं. झाला भोंगा. चल, निघू या.”

साडेआठ दारात उभा होता. हातात मोजपात्र होते, त्यात चौदा मिलिमीटर पाणी. रोज तो ते लगेच ओतून देई.