आधी ह्यांना वाढा

सुदाम भोजनालयात वाढप्याने एकदा वाढलं की टेबल एक हात लांब होतं. कोणाच्याही ताटात वाढलं तरी होतं. समोरासमोर बसलेल्या दोघांनी एकदम 'पुरे' म्हटलं की थांबतं. पेठेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच आता तिथे फारसं कोणी फिरकत नाही. लोकांना भराभर खाऊन उठायचं असतं.

मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, तेव्हा एक हात म्हणजे किती हे मला कोणी शिकवू नये. लग्न झाल्यावर शालनला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं ते इथेच. दोनतीनदा वाढून झालं की आम्ही एकमेकांकडे बघायचो, एकदम 'पुरे' म्हणायचो आणि हसायचो. ती माझ्यापासून पाच हातांपलीकडे कधी गेली नाही.

परवाच्या रविवारी दुपारी तिला पुन्हा नेलं. आजारपणाने तीन महिने तिला अन्नाचा वासही सोसत नव्हता. आदल्या दिवशी आपणहून म्हणाली, सुदामकडची अळूची भाजी खावीशी वाटतेय. मला इतका आनंद झाला की मी लगेच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. तिने नेहमीप्रमाणे चेष्टा केली, की मुलगी बघायला चाललाय का.

भिंतींचा पोपटी रंग तोच होता, मागच्या मालकाचं नाव कोरलेले पेले तेच होते, आणि वाढायला अनंताभाऊच होता. शालन जेवायला लागली. अळू तिने दोनदा मागून घेतलं. माझ्या तोंडापर्यंत 'पुरे' आलं होतं, पण ती खात असताना ते म्हणवेना. मग तिने मान वर केली, माझं रिकामं ताट बघितलं आणि अनंताभाऊला म्हणाली, "आधी ह्यांना वाढा."

मी म्हटलं, मला नको, तिलाच वाढ. अनंताभाऊने दोघांचा मान राखला. दोघांनाही वाढलं.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, आणि मोजणीदाराने मोजलं नाही याची मला आजही लाज वाटते. डोकं वर केलं तेव्हा आमच्यामध्ये छताचे चार पंखे होते. मी 'पुरे' म्हणालो. तिने कानाला हात लावला. तिचं 'पुरे' माझ्यापाशी पोचलं तेव्हा माझं म्हणून झालेलं होतं. अनंताभाऊ म्हणाला, एकदम म्हणायला हवं, आणि आमच्या ताटांत कढी वाढली.

तेव्हा मला भीती वाटली. उठून तिच्याकडे चालत जावं असं मनात आलं. पण पंगतीतला एक उठला की जेवण उठलं, हा इथला रिवाज अजून पाळतात. मी उठलो असतो तर तिच्यापुढचं ताटही उचललं गेलं असतं. तीन महिन्यांनी ती जेवत होती. मी बसून राहिलो.

डोकं चालवून मी अनंताभाऊजवळ निरोप दिला, की भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले की शालनने 'पुरे' म्हणावं, मीही म्हणतो. तो बादली घेऊन गेला. शहाबादी फरशा मोजत मी त्याच्याकडे बघत होतो. साठाव्या फरशीनंतर तो चमच्याएवढा झाला आणि पुढे दिसेना. परत आला तेव्हा त्याला दम लागला होता.

"बाई म्हणतात, हे नीट जेवल्याशिवाय मी पुरे म्हणायची नाही. आधी ह्यांना वाढा."

मी ताटावर हात आडवा धरला. आग्रहाने त्याने हातावरच आमटी ओतली. टेबल सरकलं.

मग मी जेवलो. ताटात पडलं ते सगळं खाल्लं, पोट दुखायला लागलं तरी खाल्लं, आणि सांगून पाठवलं, की शालन, मी तुडुंब जेवलोय, देवाशप्पथ, आता पुरे म्हण. या खेपेला अनंताभाऊ आला तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाई हसल्या, म्हणाला. म्हणाल्या, ह्यांना सव्वीस वर्षं ओळखते, पोटात जागा असली तरी माझ्यासाठी घास राखून ठेवतात. वाढा.

मी विचारलं, ती कशी दिसते. जेवतायत, एवढंच तो बोलला. ते ऐकून मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी घामही फुटला.

त्यानंतर अनंताभाऊ आला नाही. चष्मा लावलेला एक जाडसा माणूस आला. मी अनंताभाऊंचा मुलगा, म्हणाला, ते आता घरीच असतात. खिडकीतून आलेलं ऊन अजून माझ्या पायाजवळच्या त्याच फरशीवर होतं. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोनला आलेलं नव्हतं.

त्याच्या हातातली बादली बघून मी ताट पुढे केलं. मी खातोय हे तिला कळत राहावं, एवढंच आता माझ्या हातात होतं.

"भात वाढला," तो म्हणाला आणि बादली तिरपी करून मला तळ दाखवला. घरी बांगडी फुटली की 'वाढली' म्हणतात, तसंच इथेही 'संपलं' हा शब्द कोणी उच्चारत नाही.

"आणि तिकडे?" मी विचारलं. "तिचं जेवण कुठवर आलं?"

तो टेबलावरची शितं पुसत होता. "तिकडच्या बाई वाढल्या," म्हणाला.

"वाढल्या म्हणजे?"

"निरोप एवढाच आहे, साहेब. मी तिकडे गेलेलो नाही. मला मधल्या वाढप्याने सांगितलं, त्याला त्याच्या पुढच्याने."

मी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि अर्धा उठलो. पूर्ण उठलो तर, आणि ती अजून जेवत असली तर, घास तोंडाशी असताना तिचं ताट उचलतील. बसून राहिलो तर कोणासाठी बसलोय ते मला सांगायला कोणी नव्हतं. शालन, शालन, म्हणून मी ओरडलो, आणि आवाज टेबलावरून लांबवर जात राहिला.

त्या माणसाची बादली पालथी होती. पळी त्याने फडक्यात गुंडाळून काखेला मारली होती. माझ्या तळव्यांखाली टेबल एक हात पुढे सरकलं.