रक्त नाव सांगत नाही

"हे बघ, इथे छापलंय. पॉझिटिव्ह." नवऱ्याने रिपोर्ट आपल्या थोरल्या बहिणीपुढे सरकवला. "आता सांग ताई, कोणाकडून आलं हे घरात?"

नणंदेने चष्मा लावून कागद वाचला आणि दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे नाक मुरडून पाहिलं.

ती नुकतीच कामावरून आली होती. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायच्या दुकानात ती लग्नाआधीपासून होती. केसांत फोमचा भुगा, बोटांना रेक्झिनचा वास. आवाज चढवणारी बाई नव्हे, असंच सगळे तिच्याबद्दल म्हणायचे.

"माझ्या पर्समध्ये हात घातलास तू?" ती म्हणाली.

"नवऱ्याला अरे-तुरे?" नणंद कडाडली. "कधीपासून?"

"आजपासून, ताई."

नवरा फरशांच्या कंपनीचा माल विकत गावोगाव फिरायचा. मागच्या एका फेरीवरून आला तो अवघडून चालतच. "उष्णता झालीय," म्हणाला. तिने बिनतिखटाचं करून वाढलं, रात्री उठून पाणी दिलं. त्याने कसल्याशा गोळ्या घेतल्या, बरा झाला आणि पुन्हा तिच्या कुशीत झोपू लागला. नंतर एकदा रिकामं पाकीट हातात देऊन त्याने तिलाच त्या गोळ्या आणायला पाठवलं. "पाठदुखीच्या आहेत." औषधवाल्याने पाकीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, या हर्पीसच्या आहेत. तुम्हीही एकदा तपासून घ्या."

भर दुकानात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रस्त्याच्या वळणापर्यंत लाज ओसरली आणि उरला तो नुसता संताप. तशीच लॅबमध्ये जाऊन ती रक्त देऊन आली.

आणि आज तो तिच्याच रक्ताचा कागद तिच्यापुढे नाचवत होता. चोर तो चोर, वर शिरजोर!

"चपला घाला दोघं," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंसमोर वाचू हा कागद."

नणंद आली ती भावाचा विजय बघायलाच आली.

नवऱ्याच्या फोडांपासून गोळ्यांपर्यंत सगळं तिनेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून बोट फिरवलं. "पॉझिटिव्ह आहे तो टाइप वन. हा बहुतेकांना लहानपणीच लागतो. कोणी कौतुकाने पापा घेतला, की लागला. पुढे ताप आला की ओठावर फोड उठतात ना, ते यातलेच."

"ओठावरचे?" नणंद मध्येच म्हणाली. "ते तर मला दर थंडीत येतात."

"मग तुम्हालाही हाच असणार."

नणंदेचा हात आपोआप तोंडावर गेला.

"टाइप टू, म्हणजे संबंधांतून लागणारा, तो मात्र निगेटिव्ह आहे," डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचे फोड तपासले असतील. कोणता निघाला होता?"

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. "टू," तो पुटपुटला.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"आता ते कशाला..."

"कळल्यानंतरही माझ्याजवळ येत होतास?"

"हळू बोल. बाहेर पेशंट बसलेत."

"ऐकू देत! त्यांच्याही घरी नवरे असतील!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "सुटलात असं आज मी म्हणणार नाही. लागण झाली तरी रक्तात दिसायला वेळ लागतो, तुम्ही फार लवकर तपासलंत. तीनेक महिन्यांनी पुन्हा करू. तोवर संबंध नकोत."

"पण कोणाकडून आलं, ते कळेल ना?" नणंदेने अजून हट्ट सोडला नव्हता.

"रक्त नाव सांगत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते महिने तिने दात-ओठ खात काढले. नवऱ्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. जरा कुठे खाज सुटली की न्हाणीघराची कडी लावून ती स्वतःचंच अंग चोरासारखं तपासायची, आणि मग त्या तपासण्याचाच राग यायचा. बाहेर तो टीव्हीसमोर पाय पसरून हसत असायचा.

दुसरी तपासणी झाली. टाइप टू पॉझिटिव्ह.

"आकडा काठावरचा असता, तर पुन्हा खात्री करून घेतली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हा स्पष्ट आहे. तेव्हा नव्हतं, आता आहे, म्हणजे लागण अलीकडचीच. जिवाला धोका नाही. कित्येकांना फोड कधी येतही नाहीत. आले तर गोळ्या आहेत. यामुळे काही अडत नाही बघा."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "पण त्याला ठाऊक होतं, डॉक्टर. ठाऊक असून तो माझ्या शेजारी येऊन निजला."

घरी तिने रिपोर्ट नवऱ्यापुढे टाकला. त्याने तो वाचला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा सैल झाला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा.

"एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "आता दोघं सारखेच. आता कसली भीती? आत येऊ ना झोपायला?"

क्षणभर तिला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग तिने त्याची फिरतीची बॅग माळ्यावरून ओढून त्याच्या पायाशी आपटली.

"भर."

"कुठे जाऊ मी?"

"ताईंकडे. त्यांचा फार विश्वास आहे तुझ्यावर."

थोड्याच दिवसांत दुकानात नणंदेचा फोन आला. आवाज दबका होता. "अगं, त्याचं ताट, टॉवेल सगळं वेगळं केलंय मी. जेवायला गॅलरीत बसवते. नातीला जवळ घेऊ देत नाही. बरोबर करतेय ना?"

नुसतं "हो" म्हणायचा अवकाश होता. जन्मभर तो त्या गॅलरीत एकटा जेवला असता. तो "हो" अगदी जिभेवर आला होता. तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"नाही ताई," ती म्हणाली. "ताटाने, टॉवेलाने नाही लागत ते. सगळ्यांबरोबर वाढा त्याला. नातीलाही खेळवू द्या."

"तू सांगतेस हे? इतकं होऊनही?"

"खरं ते सांगितलं."

"मग... घेशील का गं त्याला परत?"

"नाही."

फोन ठेवून ती अर्धवट सीटकडे वळली. रेक्झिन ओढून सीटखालच्या फळीवर ताणलं आणि पिन मारायचं यंत्र त्यावर दाबलं. ठाक. ठाक. ठाक.

"अगं, हळू," मालक आतून ओरडला. "फळी फुटेल."

"फुटू दे," ती म्हणाली.

पिना एका रेषेत बसत होत्या.