खारकोंडचा बांध आणि इसाक मास्तरचं उधाण

"अवं, लांब उभे ऱ्हावा. चिखल उडंल, मंग सरगात कोन घेनार तुमाला?"

नीराबाई बांधावर आलेल्या नवऱ्याला म्हणाली. ती गुडघाभर चिखलात उभी होती. खेकड्यांनी बांधाची चाळण केली होती. ती एकेका बिळात पेंढा कोंबून वर चिखल थापत होती. बांधाच्या अलीकडे दाणा भरत आलेलं भात, पलीकडे खाडी, आणि दुपारी अवसेचं उधाण. खारं पाणी शिरलं की उभं पीक तर जातंच, वर दोन-तीन वर्षं जमिनीत काडी उगवत नाही. उरणच्या खारपाटातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण एकोणीसशे तीसच्या सुमारास एका आश्विनात खारकोंडच्या ख्रिस्ती वाडीतली शहाणी माणसं ते साफ विसरली.

विसरायला लावलं इसाक मास्तरनं. हा प्रार्थनाघरात उपदेश करायचा. त्यानं शास्त्रातले आकडे इकडचे तिकडे जोडले आणि जाहीर केलं, की अवसेच्या भर दुपारी प्रभू टेकडीवर न्याय करायला येणार! झालं! लोकांनी कोंबड्या मारून खाल्ल्या, बियाण्याचं भातसुद्धा कांडलं. उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर यायचं, हा बापजाद्यांचा रिवाज. तोही सोडला. जगच बुडणार, तर बांध कशाला? मास्तरला स्वतःचं वावभर शेत नाही, हे एकाही दिवट्याच्या ध्यानात आलं नाही.

"नीरे, चल टेकडीवर," तिचा नवरा काळूराम म्हणाला. अंगावर धुतलेलं पांढरं धोतर. "मागं ऱ्हायलीस तं आगीत जाशील."

"का जाईन? त्यानं दिलेलं शेत राखते म्हनून?"

मागून छत्री उघडून मास्तर आलाच. "बाई, तुझा विश्वास कच्चा. प्रभू दारात आलाय, आणि तू खेकड्यांच्या बिळात हात घालतेस?"

"इश्वास हाय म्हनूनच घालते, मास्तर. त्यो आला आन् इचारलं, नीरे, काय करत व्हतीस, तं सांगाया तोंड हाय मला. तुमी काय सांगनार? छत्री धरून बसलो व्हतो?"

मास्तरनं मान झटकली. सगळी वरात गाणी म्हणत टेकडीवर गेली.

नीराबाईला भीती वाटत नव्हती असं नाही. मास्तर खरा निघाला तर? नवरा वर जाईल आणि आपण खाली जळत राहू. तिनं आभाळाकडे एकदा बघितलं, हात जोडले, 'देवा, मी हितंच हाय' म्हणाली आणि पुन्हा वाकली.

पाणी चढलं. तिनं थापलेली बिळं टिकली, पण कुणीच न बघितलेला पलीकडचा तुकडा ढासळला. हातभर खांड पडली. नीराबाई धावली आणि पाठ लावून खांडीतच बसली. पाणी खांद्यावरून शिरू लागलं.

"अवं, धावा! बांध फुटला!"

टेकडीवर काळूरामनं वळून बघितलं.

"मागं बघू नकोस!" मास्तर किंचाळला. "लोटाची बायको मागं बघून मिठाचा खांब झाली!"

"मीठ तं तिकडं माज्या भाताचं व्हतंय, मास्तर!" काळूराम बोंबलला आणि उतारावरून सुटला. मग काय, बाकीचेही धावले. प्रार्थनाघराची बाकं उचलून खांडीत आडवी घातली, पेंढा, चिखल, मिळेल ते लोटलं. बायकापोरं, म्हातारी, सगळी जुंपली. पाणी ओसरेपर्यंत कुणी वर आभाळाकडे बघितलंही नाही, आणि वरून कुणी आलंही नाही.

मग सावकाश मास्तर उतरला. कोरडाठाक.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मी प्रार्थना केली, प्रभूनं मुदत वाढवली. बांधही त्यानंच राखला."

नीराबाई उठली. तिची पाठ सोलवटली होती. तिनं चिखलानं भरलेलं टोपलं उचललं आणि मास्तरसमोर धरलं.

"व्हय, त्यानंच राखला. आता रातची भरती यायचीय, मास्तर. बांध अजून कच्चा हाय. घ्या."

मास्तरनं काळूरामकडे बघितलं. काळूराम जरा बाजूला सरकला आणि त्यानं चिखल वाहणाऱ्यांच्या रांगेत मास्तरसाठी जागा केली.