भोकात गेलेलं साल

जर्मनीतल्या मुल्डे नदीकाठच्या बागसंघात पान हललं तरी त्याचा कागद होतो. कुणाचं कुंपण वाढलं, कुणाच्या सफरचंदाची फांदी शेजारी गेली, कुणी रविवारी दुपारी गवत कापलं, सगळ्याला अर्ज, अर्जाला उत्तर आणि उत्तरावर शिक्का. शेवटी पंचिंग मशीन. दोन भोकं पडून फायलीत बसला तोच कागद खरा, बाकी सगळी रद्दी, असं इंगोल्फ रेहबाइन एकतीस वर्षं सांगत आला. तो संघाचा चिटणीस होता. क्लबघराच्या मागच्या खोलीतल्या एकशे बेचाळीस फायली म्हणजे त्याचा दुसरा संसारच म्हणा ना.

आता तो अठ्ठ्याहत्तरचा. गुडघे गेले, चिटणीसपद गेलं, पण खोलीची किल्ली काही त्याच्या खिशातून निघाली नाही. नवी चिटणीस डोरेन. पन्नाशीची बाई, दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला जायची. तिच्या बापाची बाग इंगोल्फच्या बागेला लागून होती, त्यामुळे ती लहानपणापासून त्याला काका म्हणायची. निवडून आल्यावर पहिल्याच शनिवारी ती जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक आणि काखेत स्कॅनर घेऊन हजर झाली.

"हे काय आणलंस?" इंगोल्फने दारातच विचारलं.

"सगळे कागद यात घालायचे, काका. हा वाचतो, तारीख लावतो, विषय लावतो. नुसतं 'कुंपण' लिहिलं की कुंपणाचे सगळे कागद समोर."

"माझ्यापुढे 'कुंपण' म्हणून बघ. फाइल सतरा, अठरा आणि एकोणिसाचा अर्धा भाग."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे चाललोय?"

डोरेनने स्कॅनर टेबलावर ठेवला. इंगोल्फ खिडकीबाहेरच्या भोपळ्यांकडे बघत बसला.

"आणि हे सगळं जाणार कुठे?" त्याने दुसरा दगड काढला. "अमेरिकेत? आमच्या कुंपणांच्या भानगडी कुठल्या तरी कंपनीने वाचायच्या?"

"कुठ्ठे जात नाही. प्रोग्राम याच डब्यात मी स्वतः बसवलाय. फुकटचा आहे, जगभरचे हौशी लोक मिळून लिहितात. डबा राहणार या कपाटात आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे. एक प्रत तेवढी दर रविवारी माझ्या घरच्या डिस्कवर. न जाणो, क्लबघराला आग लागली तर."

किल्ली आपल्याकडे, हे ऐकून गडी जरासा पाघळला. बघू म्हणाला. त्याच्या तोंडून 'बघू' निघणं म्हणजे दुसऱ्याचं 'हो'च समजायचं.

त्याच आठवड्यात शहराकडून मोजणीची माणसं येऊन गेली. बागेतली लाकडी खोपी चोवीस चौरस मीटरपेक्षा मोठी नको, हा नियम. इंगोल्फची भरली एकतीस. म्हणजे सात मीटर पाडायचे. नियमाला एकच पळवाट होती: पूर्व-पश्चिम जर्मनी एक झाली त्या नव्वदच्या शरद ऋतूआधी रीतसर परवानगी घेतली असेल तर खोपीला हात लावायचा नाही. पुरावा ऑक्टोबरअखेर, आणि तोही कागदाचा. तोंडी साक्ष चालणार नाही.

ते सात मीटर म्हणजे सिग्लिंडेची खोली. बायकोने हट्टच धरला होता तेव्हा, की संध्याकाळचं ऊन येईल अशी एक काचेची खोली हवी, मला तिथे बसून शेंगा सोलायच्यात. इंगोल्फने खिडक्या कुठून कुठून मिळवल्या त्याचं पुराण अजून संपलेलं नाही. चार वर्षांपूर्वी सिग्लिंडे गेली. तिची खुर्ची अजून तिथेच आहे आणि तो रोज संध्याकाळी समोरच्या बाकावर बसतो. ती खोली पाडली तर माणूस त्यानंतर किती दिवस बागेत येईल, हे सगळ्या संघाला कळत होतं.

इंगोल्फला मात्र चिंता नव्हती. "फाइल एकसष्ट, बाग क्रमांक चौतीस, बांधकाम परवानगी," तो डोरेनला ऐटीत म्हणाला. "तुझ्या डब्याला पहिला कागद तोच दे. कळू दे त्याला, व्यवस्थित काम कशाला म्हणतात."

तिने कागद स्कॅनरमध्ये घातला. डबा घरघरला, आणि पडद्यावर परवानगीची तारीख आली: चौदा एप्रिल १९०८.

"एकोणीसशे आठ?" डोरेनला हसू आवरेना. "काका, तुम्ही तर कैसर बादशहाची परवानगी आणलीत."

"तेव्हा माझे वडील लंगोटात होते. गाढव आहे तुझं यंत्र."

त्याने चष्मा लावून असल कागद उचलला आणि त्याचा चेहरा पडला. शिक्का डाव्या कडेला होता आणि वरचं भोक नेमकं सालावर पडलं होतं. एकोणीस, मग गोल भोक, मग आठ. यंत्राने भोकाला शून्य म्हणून वाचलं होतं. गाढव ते नव्हतंच.

"अठ्ठ्याऐंशी आहे ते," इंगोल्फ म्हणाला.

"मला माहीत आहे. पण अठ्ठ्याण्णवही असू शकतं ना."

आणि कशावरून नाही? शिक्का तोच, कारण चांगला शिक्का फेकायचा कशाला म्हणून संघाने तो दोन हजार तीनपर्यंत वापरला. टाइपरायटर तोच. सही इंगोल्फची, ती तर आजही तशीच. तेव्हाचा अध्यक्ष केव्हाच मातीत गेला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर 'अपूर्ण' लिहून ते परत पाठवणाऱ्या माणसाने आपल्याच खोपीचं साल आपल्याच हाताने भोकात घातलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की त्याने पंचिंग मशीन टेबलाच्या खणात टाकून दिलं.

डोरेन हसली नाही. "दुसरीकडे कुठेतरी उल्लेख असेल. बैठकीचं इतिवृत्त, विजेचं मीटर, काहीही. सगळंच घालू या. तुम्ही काढून द्या, मी घालते."

पाच शनिवार दोघांनी तेच केलं. तो टाचण्या काढायचा, दुमडलेले कोपरे सरळ करायचा, ती कागद घालायची. डबा वाचत सुटला. कागद दोन्ही बाजूंनी घ्यायचा आणि कोरी बाजू आपसूक टाकून द्यायची, असं तिने त्याला शिकवलं होतं. इंगोल्फने आधी नाकं मुरडली, मग तिसऱ्या शनिवारी त्यानेच हळूच 'मधमाश्या' लिहून बघितलं, आणि एकूणऐंशी सालचं मधमाश्यांचं भांडण समोर आल्यावर अर्धा तास वाचत बसला. पण चौतीस लिहिलं की दरवेळी तोच भोकाचा कागद यायचा. अठ्ठ्याऐंशीची इतिवृत्तं तर दोन हजार दोनच्या पुरात भिजून गेली होती.

एकशे एक्केचाळीस फायली झाल्या.

"ही एक राहिली," डोरेन म्हणाली. फायलीच्या पाठीवर लिहिलं होतं: उन्हाळी मेळावा, केक.

"त्यात काही नाही. केकच्या याद्या आहेत. कुणी काय आणायचं."

अक्षर सिग्लिंडेचं होतं. डोरेनने फाइल गुपचूप जागेवर ठेवली आणि दुसरंच विचारलं, "काका, परवानगी टाइप करताना कार्बन प्रत निघायची ना? ती कुठे जायची?"

"अर्जदाराकडे. म्हणजे माझ्याच घरी. असल कागद फायलीत असताना मी प्रत कशाला सांभाळू? कुठेतरी गेली असेल."

पण ते 'कुठेतरी' त्याच्या डोक्यातून जाईना. कोरा कागद तेव्हा सहज मिळायचा नाही. सिग्लिंडेला पाठकोरा दिसला की तिचा हात थांबायचा नाही. किराणा, बियाणं, बहिणीला पत्र, सगळं पाठकोऱ्यावर. त्यावरून तो किती वेळा ओरडला असेल. "अगं, संघाचे कागद आहेत ते." "मग दुसरी बाजू पण संघाच्याच कामाला लावते," असं तिचं उत्तर तयार.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तो डोरेनच्या आधी येऊन बसला होता. केकची फाइल त्याच्या मांडीवर होती, न उघडलेली.

"चार वर्षांत हिला हात लावला नाही मी," तो म्हणाला. "तिचं अक्षर बघवत नाही मला. तुझं यंत्र वाचेल का? मी उलटे घालतो."

त्याने कागदांचा गठ्ठा काढला आणि न बघता, यादीची बाजू खाली करून, स्कॅनरमध्ये घातला. स्कॅनर खेचत राहिला. मग त्याने एका बोटाने चौतीस लिहिलं.

यावेळी दोन कागद आले.

फिकट निळी कार्बन प्रत होती. बाग क्रमांक चौतीस, खोपीला काचेची खोली, सात चौरस मीटर. डाव्या कडेला शिक्का, धडधाकट, चौदा एप्रिल १९८८. भोकं होती, पण उजव्या कडेला. सिग्लिंडेने ती आपल्या यादीच्या बाजूने पाडली होती, म्हणून शिक्का वाचला.

डोरेनने डोळे पुसले. "काका, खोली वाचली."

इंगोल्फने तो कागद गठ्ठ्यातून शोधून काढला आणि उलटा केला. एवढं झाल्यावर आता वाचल्याशिवाय राहवतंय होय? मेळावा, अकरा जून ८८. श्टोइबर बाई, आयरशेके केक, दोन ट्रे. डोरेनची आई, स्ट्रॉबेरीचा केक. आणि सगळ्यात खाली: इंगोल्फ, काही नको, नुसती कॉफी, टेबलं पुसायला विसरेल, दोनदा सांगणे.

तो हसला, आणि हसता हसता रडला, आणि ते लपवायच्या भानगडीत पडला नाही.

"विसरलात का मग?" डोरेनने विचारलं.

"विसरलो. तिने तीनदा सांगितलं होतं."

जरा वेळाने डोरेन पडद्याकडे वळली. "याला विषय काय लावू? बांधकाम की मेळावा?"

"दोन्ही लावता येतात?"

"हवे तितके लावा."

"मग दोन्ही लाव. आणि तिसरा लाव, सिग्लिंडे. तिच्या सगळ्या याद्यांना."

प्रती काढून शहराच्या पाकिटात गेल्या. राहिली मूळ कार्बन प्रत, ती फाइल एकसष्टमध्ये लावायची होती. इंगोल्फने खणातून पंचिंग मशीन काढलं, शिक्क्याची बाजू वर धरली, कागद त्यात सरकवला आणि थांबला. मग कागद बाहेर काढून त्याने उलटा केला. तिची भोकं फायलीच्या कड्यांत बरोबर बसली, आणि बांधकाम परवान्यांच्या फायलीत केकची यादी वर राहिली.

"अशीच राहू दे," तो म्हणाला, आणि खोलीची किल्ली डोरेनपुढे टेबलावर ठेवली.