सावडीचा प्रोजेक्ट

एम.एस्सी. कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, हे साक्षीनं आईला इतक्यांदा सांगितलं होतं की सत्यशीलाबाईंना ते त्रिसरणासारखं तोंडपाठ झालं होतं. दोन वर्षं, चार सेमिस्टर, दर सेमिस्टरला ठरलेले क्रेडिट, पंचाहत्तर टक्के हजेरी, मध्ये कुठंतरी जाऊन कामाचा अनुभव, आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्ट. क्रेडिट म्हणजे काय ते बाईंना कधी उमगलं नाही. पण यातलं एक जरी राहिलं तरी पदवी मिळत नाही, हे पक्कं उमगलं होतं. पेरलं, खुरपलं, फवारलं आणि ऐन काढणीला पावसानं गाठलं तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

साक्षीचा प्रोजेक्ट तेवढा राहिला होता. उन्हाळी परीक्षा पावसाळ्यात घ्यायची कॉलेजांची जुनी खोड, त्यामुळं जुलै उजाडला तरी तोंडी परीक्षेचा पत्ता नव्हता. इकडं त्यांच्याच गावातले, झरीतले दत्तराव, ज्यांचं स्वतःचं ज्युनिअर कॉलेज होतं, त्यांनी कॉम्प्युटरच्या मास्तरणीची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. "निकाल आण आन् पोरं शिकवायला लाग," एवढंच ते म्हणाले होते. गावातल्या गावात, दारातून चालत जाता येईल अशी नोकरी. पुण्यात वॉचमन असलेले तिचे वडील तात्याराव तर फोनवर तिला आत्तापासूनच मॅडम म्हणायला लागले होते.

आता सावडीचं सांगायला हवं, कारण घोड्यानं तिथंच पेंड खाल्ली. सत्यशीलाबाईंचं दोन एकर रान आणि गोजरबाईचं रान यांच्यात एकच बांध. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, असं या दोघींचं साक्षीच्या जन्माआधीपासून चाललेलं. हीच सावड. तिच्यात पैसा नसतो, कागद नसतो, पण ती कुणी बुडवत नाही. बुडवली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

गोजरबाईचा मुलगा गोपीचंद आणि साक्षी पहिलीपासून एका वर्गात. पुढं परभणीच्या कॉलेजातही दोघं एकाच एस.टी.नं जायचे. तिथल्या लॅबमध्ये निम्मी मशीनं बंद. एका मशीनवर चौघांचा ग्रुप. पहिल्याच दिवशी पोरं खुर्चीवर बसली, पोरी मागं उभ्या राहिल्या आणि तशीच रीत पडून गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी दमदाटी केली नाही. पोरांनी कीबोर्ड धरला आणि पोरींनी वही. साक्षीचं अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी नीटस, त्यामुळं प्रत्येक ग्रुपला ती हवी असायची. बन्सीधर सर भर वर्गात तिची फाईल उंच धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "डॉक्युमेंटेशन असं असतं." पोरगी हरखून जायची. परीक्षेत लिहायचे प्रोग्रॅम ती कविता पाठ करावी तशी पाठ करायची, स्वल्पविरामासकट, आणि कागदावर उतरवून पैकीच्या पैकी घ्यायची. बी.एस्सी.ची तीन वर्षं आणि पुढची दीड अशी गेली. कौतुकानं माणूस किती बुडतं ते बुडणाऱ्याला कळत नाही.

शेवटच्या सेमिस्टरला नवा नियम आला. ग्रुप बंद. प्रत्येकाचा स्वतंत्र प्रोजेक्ट, आणि बाहेरचे परीक्षक समोर बसवून चालवून बघणार. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त साक्षी खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"कामून गं तोंड पाडून बसलीस?" गोपीचंदनं विचारलं.

"मला एकटीला कसं जमल रे ते?"

"अन् मला फाईल कुठं येती? चार ओळी इंग्रजीच्या लिवल्या की घाम फुटतोय." तो हसला. "सावड करू की. दोन्ही प्रोग्रॅम मी करतो, दोन्ही फाईली तू कर."

तीही हसली. दोघांच्या मनात तेव्हा पाप नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. शहरातल्या पोरांनी याला चोरी म्हटलं असतं आणि चोरी समजूनच केली असती. या दोघांना ती चोरी वाटलीच नाही. कष्टाला कष्ट दिले, फिट्टंफाट झाली. आया जे जन्मभर करत आल्या तेच लेकरांनी केलं, फक्त जिथं करायला नको तिथं. 'हे काम माझे स्वतःचे आहे' असं इंग्रजीत जे पान प्रत्येक फाईलला लावतात, ते दोन्ही फाईलींसाठी साक्षीनंच टाईप केलं आणि टाईप करताना तिचा हात जराही अडखळला नाही.

तोंडी परीक्षा एका सोमवारी झाली. परीक्षक मॅडम तरुण होत्या, बोलायला मऊ. साक्षीचा प्रोजेक्ट सोयाबीनच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारा. मॅडमनी विचारलेल्या व्याख्या तिनं धडाधड सांगितल्या. बन्सीधर सर खुर्चीत सैलावून बसले. मग मॅडमनी स्वतःच्या मोबाईलमधले हळदीच्या पानांचे फोटो मशीनमध्ये टाकले.

"छान. आता यात हळदीचं पानही ओळखता येईल असा बदल कर. घाई नाही, मी बसते."

साक्षीनं प्रोग्रॅम उघडला. ओळीच ओळी. आपल्याच नावाचा प्रोग्रॅम, आणि कुठून हात घालावा ते कळेना. तिनं वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. एक ओळ बदलली तर पडद्यावर तांबड्या अक्षरांत चुका उमटल्या. तिनं ती ओळ होती तशी केली आणि हात मांडीवर घेतले.

मॅडमनी सकाळीच गोपीचंदचा प्रोजेक्ट पाहिला होता. त्यांनी तो पुन्हा उघडला, दोन्ही शेजारी ठेवले आणि त्याला आत बोलावलं.

"दोन्हीत एकच हात दिसतोय. हे कुणी लिहिलंय?"

गोपीचंदनं साक्षीकडं पाहिलं, मग सरांकडं. "मी मदत केली तिला, मॅडम."

"किती?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सगळंच."

तो खोटं बोलला असं कोण म्हणेल? खरं तेच बोलला, पण अर्धं. त्याची फाईल कुणी लिहिली हे मॅडमनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. साक्षीच्या ते अगदी जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर दोघंही गेले असते. तिनं गिळलं. त्यानं खरंच चांगला प्रोग्रॅम लिहिला होता, मग त्याला बुडवून आपल्या हाती काय लागणार होतं?

प्रोग्रॅम त्याच्याच हातचा, म्हणून गोपीचंद पास झाला. साक्षी प्रोजेक्टमध्ये नापास. बाकी सगळे क्रेडिट जमा असून पदवी नाही. पुन्हा नाव नोंदवायचं, नवा विषय घ्यायचा, पुढच्या परीक्षेला पुन्हा उभं राहायचं. बन्सीधर सर जाताना म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ज्यांनी पाच वर्षं तिची फाईल उंच धरली त्यांनीच हे म्हणावं, याचा मला आजही संताप येतो. तिला मात्र राग आला नाही. तिला फक्त लाज वाटत होती.

प्रोजेक्टची सावड आईला आधीपासून ठाऊक होती; नापास झाल्यावर घरी तिनं एवढंच सांगितलं की गोपीनं मॅडमपुढं सगळं सांगून टाकलं. सत्यशीलाबाईंनी भाकरी तव्यावर तशीच करपू दिली.

"त्येच्या मायनं कदी सावड मोडली न्हाई. ह्यानं मोडली. दुसऱ्याचं करून घेऊन वर बोंब मारायची, ही कुठली रीत?"

दुसऱ्या दिवशी खुरपणीची पाळी सत्यशीलाबाईंच्या रानातली होती. बाईंना वाटलं, गोजरबाई कसली येते आता. पण ती आली. खुरपं घेऊन, डोक्याला फडकं बांधून, नेहमीच्या वेळी. तिनं आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरली. साक्षीसकट तिघी सोयाबीनच्या ओळींतून पुढं सरकत राहिल्या. पात अर्ध्यावर आल्यावर गोजरबाईच बोलली.

"पोरानं रात्री सांगितलं मला सगळं. जेवला न्हाई तो. बाई, तुमच्या लेकीनं त्येची फाईल करून दिली, त्येनं दिलं ते वाया गेलं. म्हंजी सावड त्येच्यावर बाकी हाय. तो करून दील तिला पुन्यांदा. दुसरा करून दील, लागलं तर अजून चांगला. मी बोलून आले त्येला."

सत्यशीलाबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रात्रभर मनात जुळवलेले शब्द त्या विसरल्या.

"मंग झालं तर. मी उगंच लेकराला बोल लावला. साक्षे, ऐकलंस का? दत्तरावाला सांगू, जागा धरून ठेवा म्हनावं थोडे दिवस."

साक्षीनं खुरपं खाली ठेवलं. दोन्ही बायका तिच्याकडं इतक्या आशेनं बघत होत्या की तिला मान वर करवेना.

"न्हाई मावशी. त्यानं केलेला न्हाई चालत. पुन्हा समोर बसवतेत, पुन्हा बदल करायला सांगतेत."

"मंग तू कर," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मला येत न्हाई, आई."

"येत न्हाई म्हंजी?"

"प्रोग्रॅम लिवायला येत न्हाई मला. कदीच येत नव्हता. गोपीची चूक न्हाई. मॅडमची बी न्हाई."

गोजरबाईनं नजर फिरवली आणि उगाच एक काडी उपटली. सत्यशीलाबाई मात्र लेकीकडं बघतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता; शाळेत न गेलेल्या माणसाला एखादी गोष्ट खरंच समजून घ्यायची असते, तसं त्यांनी विचारलं.

"पाच वरसं रोज सकाळच्या गाडीनं जायचीस की. मंग तिथं शिकायचीस तरी काय?"

साक्षीनं सांगायचं टाळलं नाही.

"पोरांच्या फाईली लिवायचे, आई."