गोदूचं हूं

"कोणाशी बोलतोस रं?" आवडाबाईंनी चुलीजवळून विचारलं.

"गणिताशी, आये."

"मंग गणित हूं म्हणतं का तुला?"

हरेश्वरने पाटी पुढे ओढली. हूं म्हणणारी त्याची बायको, गोदू, पौषात तापाने गेली होती. उद्या सकाळी रेवसहून लाँचने मुंबईला जायचं होतं. बी.एस्सी.चा एकच पेपर राहिला होता, गतिशास्त्राचा. छप्पन साली तो त्यातच नापास झाला. यंदाही गेला तर पुस्तकं बांधून मिठागरावर जायचं, असं त्याने आईला सांगून ठेवलं होतं.

पुस्तक इंग्रजीत, पण गोदूपुढे ते मराठीत करावं लागे. ती ओटीवर तांदूळ पाखडायची, हा गणित सांगायचा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा, तसा ती द्यायची.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "कण म्हंजे कवढा? कणीयेवढा?"

"त्याहून बारीक. नुसता ठिपका. पण वजन असलेला."

"ठिपक्याला वजन! बरं, सांगा फुडं."

गणितातलं तिला काही कळत नव्हतं. पण ह्याचा आवाज पडला की तिचं सूप थांबे. "अडलात जनू," म्हणून ती हसायची. आणि तो खरंच अडलेला असे.

आवडाबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या. "सांग. मी म्हणते हूं."

"गुळगुळीत गोळा आहे. त्याच्या माथ्यावरून कण घसरतो."

"हूं."

"घसरताना वेग वाढतो."

"हूं."

"वजन कणाला आत ओढतं, गोळा त्याला बाहेर रेटतो. दोन्हींची... बेरीज करायची."

"हूं!"

हरेश्वर थांबला. म्हातारी मन लावून म्हणत होती, पण तिचं बरोबरलाही हूं आणि चुकीलाही हूं. बेरीज म्हणताना आपला आवाज पडला, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. सूप इथे थांबलं असतं. ते आता खुंटीला होतं. त्याने पाटीवरची बेरीज पुसली आणि वजाबाकी मांडली.

"काय झालं रं?"

"चुकलो होतो."

"आन् मी हूं म्हटलं की!"

"म्हण तू. बरं वाटतं."

पेपरात दुसरंच गणित आलं. कण पोकळ गोळ्याच्या आतून वर चढत होता. हरेश्वर मराठीत पुटपुटत इंग्रजीत लिहू लागला. वरच्या अर्ध्यात वजनही आत ओढतं, रेटाही आतच. म्हणजे इथे बेरीज.

"अहो, कोणाशी बोलताय?" देखरेख करणारे मास्तर येऊन उभे राहिले.

"कोणाशी नाही, साहेब."

त्याने ओठ मिटले. प्रत्येक ओळीनंतर तो थोडा थांबे. सूप खाली येऊन पुन्हा वर जायला लागतो, तेवढाच वेळ. मग पुढची ओळ लिहायचा.