लाकडं सुधारायची सुरी

कारंजाच्या माणिकचंद शेठच्या जैन घरात ‘कापणे’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. दोडकी असो की भोपळा, तिथे भाजी ‘सुधारतात’. म्हणूनच जंगल शिबिराला निघालेली त्यांची जिनल गुलाबरावांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात जाऊन बोलून बसली, “काका, मले लाकडं सुधाराची आहेत.”

“मोडली काय? मंग चिकटवाले सरस घेऊन जाय.”

“सरस नाही हो, सुरी पायजे. जंगलात चूल पेटवाची आहे.”

गुलाबरावांनी हातभर लांब सुरा काढला. तो उचलताच तिचं मनगट लटपटलं. मग घडीचा चाकू आला, पण फळीवर जरा दाबताच त्याची बिजागरी डुगडुगली. शेवटी मधल्या मापाची सुरी निघाली. तिच्या पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं होतं. जिनलच्या हातात ती अशी बसली की पुन्हा ठेववेना.

“असं सांग ना मंग,” गुलाबराव ओरडले, “लाकडं कापाची आहेत!”

जिनलने ओळखीचं कुणी नाही ना, हे बघून हळूच मान डोलावली.

घरी आईने, पानाबाईंनी, सुरी पाहून डोळे वटारले. “हे कायले आणली?”

“लाकडं सुधाराले.”

“लाकडं राहू दे, बाप्पा. तूच सुधरून ये.”